दोंडाईचा : जुनी मोटारसायकल आणि रास्त भाव

खान्देशातले दोंडाईचा हे तालुक्याचे गाव नाही, पण तालुक्याच्या गावाहून मोठे आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या माणसाला कचेरीचे काम निघाले की तो शिंदखेड्याला जातो आणि बाजाराचे काम निघाले की दोंडाईच्याला. धुळ्याहून एस.टी.ने निघावे तर आग्रा रोडवर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सोनगीर लागते. तेथून गाडी डावीकडे वळते आणि चिमठाण्यावरून दोंडाईच्याला पोहोचते. याच चिमठाण्याजवळ १४ एप्रिल १९४४ रोजी सातारच्या प्रतिसरकारातील क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे चाललेला इंग्रज सरकारचा खजिना अडवून ताब्यात घेतला होता.

दोंडाईचा अमरावती नदीच्या काठी वसलेले आहे. ही विदर्भातली अमरावती नव्हे, हिचे पाणी तापीला मिळते. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग गावातून जातो. त्यामुळे येथील माणसाला धुळ्यापेक्षा सुरत जवळची वाटते. खान्देशातली किती तरी कुटुंबे सुरतेच्या उधना, लिंबायत भागात यंत्रमागावर राबतात आणि दिवाळीला, लग्नसराईला याच गाडीने गावी येतात. हंगामात गावाच्या कडेला लाल मिरचीच्या पथाऱ्या पडतात. त्या बाजूने जाताना डोळ्यांतून पाणी येते आणि ठसका लागतो. मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखानाही येथे आहे. म्हणजे मिरचीवर हमाली, कारखान्यात पाळी, शेतात मजुरी आणि नाही जमले तर सुरत, असे येथील कष्टकऱ्याच्या पोटापाण्याचे चार मार्ग.

दोंडाईच्याहून शहाद्याकडे निघाले की तापीच्या काठी सारंगखेडा लागते. मार्गशीर्ष पौर्णिमेला तेथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि त्या यात्रेतला घोड्यांचा बाजार देशभर प्रसिद्ध आहे. घोडा घेणारा आधी त्याचे दात पाहून वय ताडतो, चालवून पाहतो, पायाला हात लावून पाहतो. तेथपर्यंत सारे शहाणपणाचे. पण पुढे अंगावरचे केसांचे भोवरे मोजणे सुरू होते. अमुक जागी भोवरा असला की भाव चढतो, तमुक जागी असला की घोडा धडधाकट असूनही खोडीचा ठरतो. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून सौदा करतात, ही रीतही आपल्याकडे जुनी आहे. भाव ठरतो, पण ज्याच्या घामाचा पैसा जायचा त्याला तो दिसत नाही.

आज आपल्या माणसाचा घोडा म्हणजे मोटारसायकल. आणि जुन्या मोटारसायकलीच्या बाजारात हा रुमाल अजून निघालेला नाही, हे मी गेल्या काही वर्षांत वस्तीतल्या पोरांबरोबर गाड्या पाहत फिरताना अनुभवले आहे. म्हणून हा लेख.

गाडी ही चैन नव्हे

वाहनाचा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. १९२९ साली बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीच्या कामाने खान्देशात आले होते. परतताना चाळीसगावच्या मंडळींच्या आग्रहावरून ते तेथे उतरले. स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतले. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, टांगा कलंडला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी स्वतः हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

आज कोणी टांगा नाकारत नाही. आज अडचण वेगळी आहे. माझा भाचा दोंडाईच्यात कारखान्यावर पाळीने काम करतो. गाव चौदा किलोमीटर दूर. दुसरी पाळी सुटते तेव्हा शेवटची एस.टी. गेलेली असते. मग रात्री कोणाच्या तरी गाडीमागे बसून यायचे, नाहीतर कारखान्याच्या फाटकाशी चादर अंथरायची. घरी बाळंतीण बायको. अशा माणसाला मोटारसायकल ही चैन म्हणता येत नाही, ती त्याच्या रोजीचा भाग आहे. नवी घ्यायची तर शोरूमची किंमत, पासिंग, विमा धरून नव्वद हजारांच्या घरात खर्च. त्याच्याकडे भिशीचे आणि बोनसचे मिळून तीस हजार होते. तीस हजारांत चूक झाली तर पुन्हा तेवढे साठवायला त्याला तीन वर्षे लागणार. म्हणून आम्ही दोघे एका रविवारी गाड्या पाहायला निघालो.

चकाकणारी गाडी

पहिली गाडी पाहिली ती एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे. अशांना आता ऑटो कन्सल्टंट म्हणतात. गाडी धुऊनपुसून, टाकीला पॉलिश मारून उभी. पाटीवर जीजे ०५, म्हणजे सुरतचे पासिंग. “गाडी एक नंबर शे, भाऊ. डॉक्टरना हातनी,” असे मालक म्हणाले आणि ३८ हजार भाव सांगितला. जुनी गाडी नेहमी डॉक्टरची नाहीतर मास्तरची असते, हा या धंद्यातला ठरलेला पाठ आहे.

आम्ही सोबत ओळखीचा मिस्त्री नेला होता. त्याने आधी इंजिनाला हात लावला. इंजिन कोमट होते. गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली की थंड इंजिन किती किकांनी सुरू होते ते कळत नाही. मीटर २६ हजार किलोमीटर दाखवत होते, पण ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झालेले, किल्लीचे भोक सैल. मिस्त्रीने आणखी एक खूण दाखवली. टायरच्या बाजूवर चार आकडे ठसलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या गाडीचे दोन्ही टायर नवे होते. गाडी खरोखर २६ हजारच चालली असती तर दोन्ही टायर बदलण्याची वेळ सहसा आली नसती. सायलेन्सरमधून निळसर धूर निघत होता. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे, पिस्टन-रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिन उघडावे लागणार आहे.

सुरत पासिंगचा मुद्दा निराळाच. परराज्यातली गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर येथे नव्याने नोंदवावी लागते. त्यासाठी मूळ आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, लागतो. शिवाय गाडीच्या वयाच्या हिशेबाने महाराष्ट्राचा रस्ता-कर भरावा लागतो. व्यापारी म्हणाले, “ते नंतर होऊन जाईल.” जुन्या गाडीच्या सौद्यात ‘नंतर’ हा शब्द आला की खर्च आपल्या खिशातून जाणार असे समजावे. तापीच्या काठी राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरात सुरत बुडाली होती. पुरात बुडालेली गाडी वरून कितीही चकचकीत केली तरी तारांच्या जोडांत, मीटरच्या काचेआड आणि सीटखालच्या पत्र्यावर गंज व गाळ राहतो. सीट काढून पाहिल्याशिवाय कोणतीही गाडी घेऊ नये.

आम्ही गाडीला नावे ठेवली नाहीत. विकणाऱ्याच्या मालाची निंदा केल्याने भाव उतरत नाही, फक्त बोलणे तुटते. “दोष इतके, खर्च इतका, कागद अपुरे, आम्हाला जमणार नाही,” एवढे सांगून निघालो. पाठीमागून ३८ चे ३४ झाले, मग ३१ झाले. दहा पावलांत सात हजार उतरले, तेव्हा पहिला आकडा किती पोकळ होता हे भाच्याला आपोआप कळले.

मावशीची गाडी

दुसरी गाडी मिस्त्रीच्याच सांगण्यावरून पाहायला गेलो. गावातलीच, एमएच १८ ची. वाचकांना ठाऊक असेलच, धुळ्याला १८, जळगावला १९ आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावर त्याला ३९. मिरचीच्या बाजारात हमाली करणाऱ्या एका गृहस्थांची ही गाडी. ते सात महिन्यांपूर्वी वारले. घरी त्यांची पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. गाडी पडवीत जुन्या लुगड्याने झाकून ठेवलेली. नोंदणी २०१९ ची, कर्जाचा बोजा नाही, मूळ आरसी बुक हाती. पाटी हाय सिक्युरिटीची, कारण १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कंपनीकडूनच लागून येते. मागचा टायर झिजलेला, बॅटरी उतरलेली, साखळीच्या चक्राचे दात आकड्यासारखे टोकदार झालेले. पण किक मारली तेव्हा चौथ्या किकेला थंड इंजिन सुरू झाले. धूर नाही, आवाज एकसारखा. समोरचा टायर मूळचाच, १९ सालचा.

भाच्याने विचारले, “मावशी, काय घेशात?” त्या म्हणाल्या, “आम्हले काय समजस, भाऊ? एक जण पंधरा हजार देस म्हने. तुम्ही वीस द्या.”

भाच्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता. बाजारात तिशीला जाणारी गाडी विसाला मिळत होती, तीही मागणाऱ्याच्या तोंडून. मी खिशातला कागद-पेन काढला आणि म्हणालो, “ताई, आधी हिशेब करू. मग तुम्ही सांगा, मग आम्ही सांगू.”

हिशेबाचा कागद

वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना घसारा हा शब्द माहीत असतो. वस्तू वापरली की तिची किंमत दर वर्षी घटते, ती घट म्हणजे घसारा. वाहनासाठी विमा कंपन्यांचे कोष्टक ठरलेले आहे. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर कंपनीच्या किमतीतून ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के वजा. पुढचे विमेदार आणि कंपनीने आपसांत ठरवायचे. यात पाहायची किंमत ती आजच्या शोरूमची. मालकाने तेव्हा काय मोजले ते पाहायचे नाही. येथे एक ताजी गोष्ट ध्यानात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. पूर्वी १२८ रुपयांना पडणारी वस्तू ११८ ला आली, म्हणजे नव्या गाडीची किंमत सुमारे पावणेआठ टक्क्यांनी उतरली. नवी उतरली की जुनीही उतरली पाहिजे. जुन्या गाडीचा मालक आदल्या वर्षीचा भाव सांगू लागला तर हा आकडा शांतपणे पुढे ठेवावा.

आमचा हिशेब असा झाला. तशाच नव्या गाडीची शोरूम किंमत ७५ हजार धरली. पाच वर्षांनंतर निम्मी, म्हणजे ३७,५००. पुढच्या दोन वर्षांचा घसारा आम्ही दर साल १० टक्के धरला. पहिल्या वर्षी ३३,७५०, दुसऱ्या वर्षी ३०,३७५. यातून दुरुस्ती वजा केली. मागचा टायर १,८००, साखळी आणि चक्रे १,४००, बॅटरी १,३००, थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी मिळून १,०००. एकूण ५,५००. बाकी राहिले २४,८७५. मी कागदावर २५ हजार लिहिले आणि कागद मावशींच्या हातात दिला. त्यांच्या सातवीतल्या मुलीने तो मोठ्याने वाचला, बेरीज-वजाबाकी पुन्हा करून पाहिली आणि “बरोबर आहे, आई,” म्हणाली.

भाचा परतताना गप्प होता. मग म्हणाला, “मामा, त्या स्वतःच वीस म्हणत होत्या. पाच हजार म्हणजे माझी दहा दिवसांची कमाई.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पाच हजार त्याला मोठेच आहेत. पण सकाळी त्या व्यापाऱ्याने त्याच्या अजाणतेपणावर जे सात हजार मागितले होते, तेच पाच हजार तो दुपारी मावशींच्या अजाणतेपणावर घेणार होता. अजाणत्याकडून घेतलेली सूट आणि अजाणत्याला लावलेला टोला, दोन्हींचा हिशेब एकच. मी त्याला एवढेच विचारले, “तुझ्या आईने गाडी विकायला काढली असती तर?” त्याने उत्तर दिले नाही, पण त्या रात्री इसाराचे पैसे मोजून ठेवले.

चांगल्या गाडीला भाव का मिळत नाही

मावशींना पंधरा हजारच का सांगितले गेले, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचा आशय साधा आहे. विकणाऱ्याला गाडी कशी आहे हे माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला खराब धरूनच भाव करतो. त्यामुळे चांगल्या गाडीवाल्यालाही खराब गाडीचाच भाव मिळतो, तो गाडी विकायला काढतच नाही आणि बाजारात खराब माल उरतो. अ‍ॅकरलॉफ यांना २००१ साली अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या भाषेत सांगायचे तर अज्ञानाचा तोटा दोन्ही बाजूंच्या गरिबाला होतो आणि नफा मधल्याला. मिस्त्रीची तपासणी, टायरवरचे चार आकडे आणि हिशेबाचा कागद यांनी हे अज्ञान हटते. कायदाही घेणाऱ्याला सावध राहायला सांगतो. १९३० च्या माल विक्री कायद्यात मूळ तत्त्व हेच आहे की माल पाहून घेण्याची जबाबदारी मुख्यतः घेणाऱ्याची.

कागद नसेल तर गाडी आपली नव्हे

भाव ठरला म्हणजे सौदा झाला असे नाही. आमच्या गाडीचे मालक वारले होते. अशा वेळी मृताच्या नावावरून गाडी थेट घेणाऱ्याच्या नावावर होत नाही. वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करायची. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. मावशींना हे कोणी सांगितलेच नव्हते, त्यामुळे मुदत टळली होती. उशिराचा जो दंड लागेल तो निम्मा-निम्मा घ्यायचे ठरले. पाच हजार इसार दिला, साध्या कागदावर गाडीचा नंबर, चासी नंबर, ठरलेला भाव आणि उरलेली रक्कम केव्हा द्यायची ते लिहून दोघांच्या सह्या झाल्या. बाकीचे वीस हजार गाडी मावशींच्या नावावर आल्यावर त्यांच्या बँक खात्यात जमा केले. रोख दिले असते तर पुरावा राहिला नसता. त्यानंतर फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून गाडी भाच्याच्या नावावर झाली.

मालक हयात असेल तर २९ आणि ३० हे दोनच फॉर्म मुख्य. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला घेऊन बोजा उतरवायचा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन गाडी वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावावर चालवण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. विकणाऱ्याला वाटते, आपले काय गेले? सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात याचे उत्तर दिले आहे. त्यात एक मोटार हातोहात पुढे विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर होती. अपघात झाला तेव्हा भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदलेल्या मालकावर ठेवली. विकणारे टाळाटाळ करू लागले तर त्यांना हा निकाल सांगावा. नाव बदलण्यात त्यांचाही जीव सुटतो.

गाडी पाहायला जाण्याआधीच नंबर विचारून घ्यावा आणि एम-परिवहन ॲपवर टाकून पाहावा. नोंदणीची तारीख, विमा, बोजा यांची माहिती मिळते. ई-चलानाचा थकीत दंडही पाहून घ्यावा. नोंदणीची १५ वर्षे संपत आलेली गाडी घेताना फेरनोंदणीचा खर्च भावातून वजा करावा. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या फेरनोंदणीचे शुल्क ३०० वरून १,००० रुपये झाले आणि पर्यावरण कर वेगळा.

मुहूर्त आणि हप्ता

दोन गोष्टी राहिल्या. पहिली मुहूर्ताची. दसरा-पाडव्याला सारे जग गाडी घेते, म्हणून भाव ताठ असतो. पितृपक्षात आणि अमावास्येला गिऱ्हाईक फिरकत नाही, व्यापारी बसून असतो. ज्यांनी मुहूर्त सोडला आहे त्यांनी नेमके तेव्हाच जावे. इंजिनाला तिथी कळत नाही. तसेच नंबरच्या बेरजेसाठी जादा पैसे देऊ नयेत. तो घोड्याच्या भोवऱ्याचाच प्रकार आहे.

दुसरी हप्त्याची. जुन्या गाडीवर कर्ज देणारे ‘फक्त बारा टक्के’ म्हणतात, पण ते सपाट व्याज असते. २५ हजारांवर दोन वर्षांचे सपाट १२ टक्के म्हणजे ६ हजार. एकूण ३१ हजार, २४ हप्ते, महिना १,२९२ रुपये. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागत राहते. घटत्या शिलकेवर मोजले तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, “व्याज घटत्या शिलकेवर आहे का?” आणि गाडीचा भाव ठरवताना हप्त्यावर बोलू नये. आधी पूर्ण रक्कम, मग हप्ता.

वस्तीची वही

भाचा आता रात्रीच्या पाळीनंतर घरी येतो. पण एका भाच्याचे काम झाले म्हणून प्रश्न सुटत नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत दरवर्षी पाच-दहा जुन्या गाड्या येतात. कोणी काय भाव दिला, दुरुस्तीला किती गेले, कागद झाले की अडकले, हे ज्याचे त्याच्यापाशी राहते. दुसरा पुन्हा पहिल्यापासून फसतो. माझी सूचना अशी आहे की वस्तीच्या समाजमंदिरात एक वही ठेवावी. गाडीचे साल, मॉडेल, सांगितलेला भाव, दिलेला भाव, सहा महिन्यांतला खर्च, एवढे पाच रकाने पुरेत. कोणाचे नाव लिहू नये. शिकलेल्या एका मुलाने किंवा मुलीने महिन्यातून एका रविवारी तासभर बसून फॉर्म भरून द्यावेत, नंबर तपासून द्यावा, घसाऱ्याचा हिशेब करून द्यावा. यासाठी वर्गणी लागत नाही, परवानगी लागत नाही. वहीची किंमत चाळीस रुपये. पहिल्या पानावर आमच्या गाडीची नोंद केली आहे : २०१९, मागितले वीस, दिले पंचवीस. खर्चाचा रकाना सहा महिन्यांनी भरू.